उसना श्वास

शिरघळच्या आरोग्य उपकेंद्रात श्वासाचं यंत्र बसून दीड वर्ष झालं होतं. एवढ्या काळात ऋतुजा ढेबेनं लाल निकाल पाहिला होता तो दोनदाच. त्या सकाळी एकदम नऊ आले.

तिला आधी वाटलं, पडदाच बिघडलाय. यंत्र बंद करून तिनं पुन्हा सुरू केलं. तीच नावं, तेच शब्द : स्वादुपिंडाचा कर्करोग, प्राथमिक अवस्था, दाट शक्यता. नऊच्या नऊ जणी गावातल्या, विशी-बाविशीच्या पोरी. दोघी नव्या नवऱ्या, बाकीच्यांची लग्नं ठरलेली किंवा ठरायची. ईश्वरी मोकाशीची हळद तर पंधरवड्यावर आली होती.

ऋतुजा खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. हा रोग साठीच्या माणसांचा. एखाद्या तरुण पोरीला तो व्हावा, हेच नवल. एका गावात, एका आठवड्यात, नऊ जणींना?

यंत्राला सरकारी नाव लांबलचक होतं. कोयनेच्या त्या खोऱ्यात सगळे त्याला फुंकणीच म्हणत. चुलीवरच्या फुंकणीसारखी एक नळी घरी न्यायची, सकाळी चहाच्याही आधी, उपाशीपोटी तिच्यात दमदार फुंकायचं, झाकण लावून उपकेंद्रात आणून द्यायची. बस एवढंच.

बाकीचं काम श्वास करायचा. शरीरातली प्रत्येक पेशी जगताना काही ना काही जाळत असते. त्या जळण्याचा अतिसूक्ष्म धूर रक्तात उतरतो, रक्त फुप्फुसात येतं, आणि तिथल्या तलम पडद्यातून ते रेणू श्वासाबरोबर बाहेर पडतात. निरोगी यकृताचा धूर वेगळा, थकलेल्या मूत्रपिंडाचा वेगळा. कर्करोगाच्या पेशी तर खाण्यापिण्याची सगळी रीतच बदलतात, त्यामुळे त्यांचा धूर गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी निराळा होतो. नळीतली भुकटी हे रेणू धरून ठेवायची, आणि यंत्रातल्या नखाएवढ्या शेकडो चकत्या ते ओळखायच्या. रक्त काढायला नको, प्रयोगशाळा नको, डॉक्टरही नको. जिथं एक्स-रेसाठी डोंगर उतरून जावं लागत होतं, तिथं आता दहा वर्षांपुढचा आजार दारात बसून कळत होता.

पण नुसता कळत होता. पहिल्याच वर्षात फुंकणीनं शिरघळमधल्या बऱ्याच जणींची मूत्रपिंडं थकू लागल्याचं दाखवलं. फुलशेतीच्या प्लॅस्टिकच्या शेडमध्ये, भट्टीसारख्या उकाड्यात, पाणी न पिता दिवस दिवस राबणाऱ्या पोरी होत्या त्या. निकाल पिवळा यायचा. वेळेवर औषध सुरू झालं तर दुखणं तिथंच थोपवता येतं, असं पडद्यावर लिहून यायचं. औषध सुरू करणारा डॉक्टर मात्र कराडच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा बसे, आणि त्याची तारीख मिळायला चार-चार महिने लागत. निदान गावात आलं होतं. इलाज होता तिथंच राहिला होता.

त्यात समीक्षा साळवेचं लग्न मोडलं. तिचा पिवळा निकाल मुलाकडच्यांना कुठूनसा कळला आणि सुपारी परत आली. मग सोयरीक जुळवताना पत्रिकेबरोबर फुंकणीचा दाखला मागायची पद्धतच पडली. शेडवाले कामावर घेताना मागू लागले. पुण्याचे सुरक्षारक्षकांचे ठेकेदारही मागू लागले.

आणि त्यानंतर शिरघळचे निकाल सुधारले. पोरींच्या नळ्या स्वच्छ हिरव्या येऊ लागल्या. ऋतुजानं शेडमध्ये जाऊन पाणी प्या, सावलीत बसा म्हणून घसा कोरडा केला होता. हे त्याचंच फळ, असं तिला वाटलं. तालुक्याच्या बैठकीत तिचा सत्कारही झाला.

त्या सकाळी नऊ लाल निकाल समोर ठेवून तिनं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, डॉ. मुजावरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नऊ नळ्या एकाच खोक्यातल्या का?"

"हो सर, पण—"

"मग झालं. खोकं खराब आलंय. वाठारलाही मागं असंच झालं होतं. निकाल रद्द करा आणि आधीचे हिरवे निकालच कायम ठेवा."

"पुन्हा नळ्या घेऊ या ना सर."

"ऋतुजाताई, तालुक्याला नळ्याच शिल्लक नाहीत. कर्करोग म्हटलं की गावात काय गोंधळ उडेल, कल्पना आहे ना? रद्द करा." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "आणि निश्चिंत राहा. नऊ जणींना एकदम असला रोग होत नसतो."

ते खरंच होतं. पण ऋतुजाला चैन पडेना. त्याच खोक्यातल्या बाकीच्या नळ्या तर व्यवस्थित होत्या. तिनं नऊ आलेख एकावर एक ठेवले. नऊ रेघांची एकच रेघ झाली.

बोटांच्या ठशांसारखाच श्वासाचाही ठसा असतो, हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. जुळ्या बहिणींचेसुद्धा श्वास तंतोतंत जुळत नाहीत. तिनं मागच्या तिमाहीचे याच नऊ जणींचे हिरवे निकाल काढले. तिथंही एकच रेघ. नऊ जणींच्या नावावर कुणीतरी एकच बाई फुंकत होती. ती बाई निरोगी होती तोवर नऊ जणी निरोगी होत्या. आता ती आजारी पडली होती.

खोकं खराब नव्हतं. यंत्र चुकलं नव्हतं. कुणाच्या तरी पोटात तो रोग खरोखर सुरू झाला होता, वेळेवर सापडला होता, आणि तिनं एक बटण दाबलं की तो कायमचा हरवणार होता.

कोण असेल ही?

तिनं आलेखाच्या तळाशी असलेले बारीक आकडे वाचायला घेतले. एरवी तिकडे कुणी बघत नसे. श्वासाचं अंदाजे वय साठीच्या पुढे. तंबाखूचा अंश, धुराचा नव्हे, चोळलेल्या तंबाखूचा. म्हणजे मशेरी. डिझेलचा धूर, रोजचा, पहाटेचा.

गावात मशेरी लावणाऱ्या म्हाताऱ्या पुष्कळ होत्या. पण रोज पहाटे वीज गेली की डिझेलचं इंजिन चालू करणारी बाई एकच होती, आणि ती ऋतुजाच्याच घरात राहत होती.

शालनबाईंची पिठाची गिरणी उपकेंद्रापासून हाकेच्या अंतरावर होती. ऋतुजा तिथं पोहोचली तेव्हा पट्टा थांबलेला होता आणि सासू जात्याच्या तोंडात अडकलेलं पीठ ब्रशनं झाडत होती. भुवयांपासून पदरापर्यंत सगळी पांढरी.

"आत्या, फुंकणीच्या नळ्या तुमच्याकडं कशा येतात?"

सासूला ती आत्याच म्हणायची. शालनबाईंनी ब्रश खाली ठेवला. नाही म्हणून बघावं, असा विचार क्षणभर त्यांच्या तोंडावर दिसला. मग त्यांनी तो सोडून दिला.

"ज्वारीच्या डब्यात," त्या म्हणाल्या. "पोरी दळणाबरोबर आणून ठेवत्यात. मी सकाळी तोंड धुतलं की फुकते. चहाच्या आधी, तू सांगतीस तसंच."

"का पण?"

"का म्हंजे? समीक्षा इथंच बसून रडत होती, ह्या पोत्यावर. दळण सांडलं तिचं, तरी उचलंना. म्हणली, काकी, मला अजून काय बी दुखत न्हाय, आणि माझं सगळं संपलं. त्या दिवशी मी ठरवलं. मला मूतखडं न्हाईत, साखर न्हाय, मी ठणठणीत हाय. माझा श्वास कुणाच्या कामाला आला तर माझं काय जातंय?"

"त्या पोरींची मूत्रपिंडं खराब होत असतील, आत्या. कळलं असतं तर औषध मिळालं असतं."

"कुठलं औषध? समीक्षाला तारीख कधी मिळाली? चार महिन्यांनी. आणि सोयरीक? ती मोडली चार दिवसांत." शालनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुझं यंत्र वाईट हाय असं मी म्हणत न्हाय. पण ते सांगून मोकळं होतं. पुढचं निस्तरायचं पोरींनी."

ऋतुजा पोत्यावर बसली आणि तिनं निकाल सांगितला. रोगाचं नाव सांगितलं. तो किती लवकर सापडलाय हे सांगितलं. पुण्याला नेलं तर तेवढा भाग काढून टाकता येतो, आणि थांबलं तर वर्षभरात काहीच करता येत नाही, हेही सांगितलं.

शालनबाईंनी खाली ठेवलेला ब्रश उचलून खिळ्याला टांगला.

"मग मला न्यायला काय लागंल?"

"तुमच्या नावावर एक नळी, या तिमाहीत ती आलेलीच नाही. माझ्यासमोर फुंकायची. पुण्याचं कर्करोग केंद्र फुंकणीच्या निकालाशिवाय दारात उभं करत नाही. साध्या स्कॅनमध्ये एवढ्यात काही दिसायचंही नाही."

"आणि तो माझा ठसा त्या पोरींच्या ठशाला जुळंल."

ऋतुजा दचकली. सासूला एवढं कळत असेल असं तिला वाटलं नव्हतं. पण घरात रात्रंदिवस तीच बोलणी असायची. "जुळेल. संशय असला की पुण्याला सगळ्या गावाचे जुने श्वास ताडून बघतात."

"मग पोरींचं काय?"

"दाखले रद्द होतील. खोटी नळी दिली म्हणून त्यांच्या घरांना वर्षभर सरकारी उपचार बंद होतील. नियम आहे तसा."

"मग मी न्हाय फुकणार," शालनबाई म्हणाल्या आणि इंजिनाचा दांडा हातात घेतला. "ईश्वरीची हळद हाय."

त्यानंतरचे दिवस ऋतुजाला नीट बसवेना की उभं राहवेना. उपकेंद्रात ती एकाच बाळाचं वजन दोनदा करायची. घरी भाकरी तव्यावर करपायच्या. शालनबाई मात्र नेहमीसारख्या वागत होत्या. जेवण थोडं कमी झालं होतं, ते आधीही झालेलं होतं का हे ऋतुजाला आठवेना. आपण घरात असून बघितलं नाही, हे तिला सारखं टोचत राहिलं.

नीलेशला, नवऱ्याला, तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो उरणच्या बंदरात क्रेन चालवायचा. तो ओरडला. "उचलून ने तिला! पोरींचं काय ते पोरी बघतील. माझी आई आहे ती!"

"उचलून नेता येतं, फुंकायला लावता येत नाही."

"झोपेत घे श्वास. तुला येतं ते."

तो भडकून बोलला होता, पण ऋतुजाच्या मनात ते घर करून राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शालनबाई ओसरीवर घोंगडीवर झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं होतं. दुपारचा श्वास बिनचूक नसता आला, पण एवढा स्पष्ट रोग त्यातही दिसला असता. ऋतुजा ठेवणीतली, मुखवटा लावलेली नळी घेऊन उकिडवी बसली. सासूच्या गालावर अजून पिठाची रेघ होती. नळी ओठांजवळ गेली, आणि ऋतुजाचा हात थांबला. गावातल्या प्रत्येकाला ती सांगत आली होती की तुमचा श्वास तुमचा आहे, तुमच्या मर्जीशिवाय कुणी घेणार नाही. सुपारी परत आली त्या दिवशी ते खोटं ठरलं होतं. आता ती स्वतःच ते खोटं करायला बसली होती.

ती नळी घेऊन उठली आणि तशीच समीक्षाकडे गेली.

समीक्षा त्या नऊ जणींत नव्हती. तिचं सगळं आधीच उघडं पडलं होतं, त्यामुळे तिला लपवायला काही उरलं नव्हतं. ती आता शेड सोडून गावातल्याच शाळेत खिचडी शिजवायची. ऋतुजानं सगळं सांगितलं तेव्हा तिनं हातातली पळी पातेल्यात सोडून दिली.

"काकींना?"

"हो."

"आणि त्या सगळ्या पोरी आपापल्या घरात गप्प बसल्यात?"

"त्यांना माहीत नाही. निकाल मी कुणालाच सांगितलेला नाही. आणि मी सांगायला गेले तर ती धमकी वाटेल."

"मी सांगते," समीक्षा म्हणाली. "माझं लग्न मोडलं, मी मेले नाही. औषध सुरू झाल्यापासून माझा निकाल जिथल्या तिथं आहे. चार महिने आधी तारीख मिळाली असती तर याहून बरा असता. त्यांना कुणीतरी हे सांगायला पाहिजे."

सगळ्या जणी लगेच तयार झाल्या असं नाही. एकीच्या सासरी रडारड झाली. एकीच्या बापानं समीक्षाला दारातूनच हाकललं. ईश्वरी तर थेट उपकेंद्रात आली, हळदीची खरेदी केलेल्या पिशव्या हातात घेऊन.

"वहिनी, तुम्ही हे यंत्र आणलंत. आता तुम्हीच माझं लग्न मोडताय."

"मी निकाल रद्द करू शकते," ऋतुजा म्हणाली. "साहेबांनी तेच सांगितलंय. एक बटण. तुझा हिरवा दाखला तसाच राहील, कुणाला काही कळणार नाही."

ईश्वरीनं विचारलं, "आणि काकी?"

ईश्वरीनं पिशव्या खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या. दारापर्यंत गेली.

"तुम्हाला ते बटण दाबायचं नाहीये. म्हणून मला विचारताय."

"हो," ऋतुजा म्हणाली. "मला एकटीनं नाही दाबवत, आणि न दाबणंही एकटीनं होत नाही."

ईश्वरी निघून गेली.

सोमवारी सकाळी ऋतुजा उपकेंद्राचं कुलूप काढत होती तेव्हा समीक्षा सहा जणींना घेऊन आली. थोड्या वेळानं आणखी दोघी आल्या. सगळ्या उपाशीपोटी. ऋतुजानं ठेवणीतल्या, गरोदर बायांसाठी राखलेल्या नळ्या काढल्या. त्यासाठी आपल्याला जाब द्यावा लागणार हे तिला माहीत होतं.

सगळ्यात शेवटी ईश्वरी आली. तिच्याबरोबर शालनबाई होत्या. पोरीनं त्यांचं मनगट असं धरलं होतं की कोण कुणाला घेऊन आलं ते सांगता आलं नसतं.

"ही गिरणीत येऊन बसली," शालनबाई कुरकुरल्या. "म्हणती, तुम्ही उठल्याशिवाय मी उठत न्हाय. दळणवाल्या बाया खोळंबल्या."

"काकी, आधी मी," ईश्वरी म्हणाली. तिनं नळी तोंडाला लावली आणि गाल फुगवून, डोळे मिटून फुंकलं.

निकाल यायला दुपार झाली. नऊतल्या पाच जणींची मूत्रपिंडं थकलेली निघाली. त्यांतल्या दोघींची बरीच पुढं गेली होती, आणि ईश्वरी त्या दोघींतली एक होती. शालनबाईंचा निकाल लाल आला.

ऋतुजानं एकही दाखला छापला नाही. एकेकीला आत बोलावून, दार लावून, तोंडी सांगितलं. मग तिनं मुजावरांना सगळं कळवलं. नळ्यांचं, ठशांचं, स्वतः रद्द न केलेल्या निकालांचं.

ते दुसऱ्या दिवशी स्वतः आले. रागावलेले होते, आणि रागापेक्षा जास्त थकलेले.

"दाखले का नाही दिले?"

"ज्याचा श्वास त्याला सांगितलं, सर. कागद देणार नाही. कागद दिला की तो घरात राहत नाही."

"तुम्ही नोकरीवरून जाल, कळतंय का?"

"कळतंय. त्याआधी एक करा. आत्यांचा निकाल पुण्याला पाठवा."

मुजावर खुर्चीत बसले. खिडकीतून गिरणी दिसत होती. "नऊ घरांचे उपचार बंद करायची शिफारस माझ्या सहीनं जाते," ते शेवटी म्हणाले. "मला वाचायला वेळ लागेल. माझ्या टेबलावर पुष्कळ पडलेलं असतं. तुमच्या सासूबाईंचं मात्र आजच जाईल."

शालनबाईंचं ऑपरेशन पुण्याला झालं. सहा तास लागले. नीलेश आठवडाभर आईच्या पायाशी बसून होता. गाठ वाटाण्याहून लहान होती, असं सर्जन म्हणाले. इतकी लहान असताना ही गाठ आपण कधी हातात घेतली नव्हती, असंही म्हणाले. पुढची पाच वर्षं लक्ष ठेवावं लागणार होतं, कुणी हमी दिली नाही. पण तिसऱ्या दिवशी शालनबाई परिचारिकेशी भांडल्या, मशेरी लपवून ठेवली म्हणून.

ऋतुजाला नोटीस आली. पुढं काय होणार ते ठरेपर्यंत तिनं कामावर यायचं होतं, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

ईश्वरीनं आपला निकाल स्वतःच मुलाकडच्यांना सांगितला, आणि तिचं लग्न मोडलं. मुलगा एकदा येऊन गेला, अंगणात उभ्याउभ्या बोलला. तू आधी सांगायला हवं होतंस, म्हणाला. ती म्हणाली, मलाच माहीत नव्हतं. तो मान खाली घालून गेला, आणि परत आला नाही.

त्यानंतरच्या एका बुधवारी पाच जणी, समीक्षा आणि ऋतुजा अशा सगळ्या मिळून पहिल्या एसटीनं कराडला गेल्या. मूत्रपिंडाचा डॉक्टर त्या दिवशी बसायचा. खिडकीवरच्या माणसानं नावं पाहिली आणि तारखा सांगितल्या. सगळ्यात जवळची तारीख दिवाळीनंतरची होती.

"मागच्या वेळी मी घरी गेले होते," समीक्षा म्हणाली. ती मागं वळली, डॉक्टरच्या खोलीच्या दारासमोर गेली आणि फरशीवर मांडी घालून बसली. ईश्वरी तिच्या शेजारी बसली. मग बाकीच्या. ऋतुजा सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून उभी होती. तिनंही बूड टेकलं.

शिपाई येऊन ओरडून गेला. रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, पोरींनो काय झालंय? समीक्षानं सांगितलं. म्हातारीनं आपल्या हातातली चिठ्ठी दाखवली. तिचीही तारीख पुढं ढकललेली होती. तिनं कंबरेवर हात ठेवला, वाकली आणि पोरींच्या मागं भिंतीला टेकून बसली. हळूहळू आणखी कुणी कुणी बसलं. व्हरांड्यातून स्ट्रेचर जायला वाट ठेवा, असं ऋतुजा सांगत राहिली, आणि माणसं सरकून वाट करत राहिली.

दुपार टळायला आली तेव्हा दार उघडलं. डॉक्टर तरुण होता, डोळे लाल, हातात अर्धी खाल्लेली पोळीची गुंडाळी. त्यानं व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"मी एकटाच आहे हो," तो म्हणाला.

"आम्हाला माहीत आहे," समीक्षा म्हणाली. "आम्ही थांबतो."

त्यानं पोळीचा उरलेला घास तोंडात टाकला, हात पँटला पुसले आणि दार सताड उघडं ठेवलं.

"पहिली कोण?"

ईश्वरी उठून उभी राहिली.